गुलाबी मीठ आणि पोटातल्या बाळाचा मेंदू

नागपुरात इतवारीतल्या किराणा दुकानांत हल्ली गुलाबी सैंधवाचे पुडे साध्या मिठाच्या शेजारी ऐटीत मांडलेले दिसतात. ‘केमिकलवालं मीठ सोडा’ असा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, गर्भवतींना तर आग्रहाने दिला जातो. उपासाला सैंधव खाल्लं म्हणून काही बिघडत नाही. पण रोजच्या भाजी-वरणातही तेच पडू लागलं तर अडचण आहे, कारण त्यात आयोडीन नगण्य असतं. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, मासे घरात क्वचित. मग नागपूरकराला आयोडीन मिळणार ते थोडं दुधा-अंड्यांतून आणि बाकी आयोडीनयुक्त साध्या मिठातूनच.

आयोडीन वापरून थायरॉईड ग्रंथी थायरॉक्सिन बनवते, हे शाळेत शिकलेलं असतं. बाळाची स्वतःची ग्रंथी हे काम साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास सुरू करते आणि गरजेपुरतं थायरॉक्सिन बनवायला निम्मं गर्भारपण उलटतं. मेंदूची बांधणी मात्र तोवर जोरात चाललेली असते. त्या काळात बाळाला मिळतं ते थायरॉक्सिन आधी सगळं आणि मग बहुतांश आईचं.

खरी गंमत पुढे आहे. थायरॉक्सिनच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून त्याला टी-४ म्हणतात. रेणूच्या बाहेरच्या कड्यातला एक अणू निघाला की टी-३ तयार होतं. पेशीत काम करतं ते मुख्यतः हेच. आतल्या कड्यातला निघाला, तर निरुपयोगी रेणू उरतो. वारेतलं (प्लासेंटातलं) एक विकर, म्हणजे एन्झाइम, ही दुसऱ्या प्रकारची काटछाट करतं. आईचं टी-३ तर ते बहुतेक निकामी करतं, टी-४ मात्र थोडं निसटून पलीकडे जातं. बाळाच्या मेंदूतल्या ताराकृती पेशींत वेगळं विकर असतं. ते बाहेरचा अणू काढून जागेवरच टी-३ बनवतं. हे टी-३ चेतापेशीच्या केंद्रकात शिरून जनुकं चालू-बंद करतं आणि पेशी आपल्या ठरलेल्या थरात जाऊन बसतात.

आता आयोडीन कमी पडलं की आईची ग्रंथी काटकसर करते: चार अणूंचं टी-४ कमी, तीन अणूंचं टी-३ जास्त. आईला त्यामुळे फारसा त्रास जाणवत नाही. पण बाळाच्या मेंदूला हवं असतं टी-४, आणि नेमकं तेच आटलेलं असतं.

तीव्र कमतरतेत मूल मतिमंद, मूकबधिर होऊ शकतं, कारण आतल्या कानाची घडणही याच हार्मोनवर अवलंबून असते. (ग्रहणात विळी हातात धरली म्हणून बाळाच्या कानात दोष येतो, असं मानणारी घरं आपल्याकडे आहेत. मिठाच्या पुड्यावरचा मजकूर मात्र तिथे कोणी वाचत नाही.) सौम्य कमतरतेचा बुद्धीवर नेमका किती परिणाम होतो, यावर संशोधकांत अजून वाद आहे.

हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड (आयोडीनअभावी गळ्याशी सुजणारी थायरॉईड ग्रंथी) कमी होतो हे दाखवलं. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आज ग्राहकाच्या हाती येणाऱ्या मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते गर्भवतीला रोज २५० मायक्रोग्रॅम लागतं, एरवी प्रौढांना १५०. म्हणजे किमान मात्रेचं ५ ग्रॅम मीठ ७५ मायक्रोग्रॅमच देईल. पण म्हणून मीठ वाढवायचं नाही, रक्तदाब आहेच; दूध, दही, अंडी वाढवायची आणि पूरक गोळीबद्दल डॉक्टरांना विचारायचं.

समुद्री शेवाळाच्या ‘नैसर्गिक’ गोळ्या मात्र ऑनलाइन मागवू नयेत. त्यांतलं आयोडीन बेहिशेबी असू शकतं, आणि जास्त आयोडीन थायरॉईडचं काम उलट थांबवतं. मोठ्यांची ग्रंथी काही दिवसांत त्यातून सावरते. गर्भाच्या ग्रंथीत ती क्षमता शेवटच्या आठवड्यांतच येते.