नोंदणी नाही म्हणून गाणं बेवारस होत नाही
बेळगाव, खानापूर, निपाणीकडे स्वतः गाणी लिहून, चाली लावून जत्रेत, गणेशोत्सवात गाणाऱ्या पोरांना वर्षानुवर्षं ऐकवलं जातं, ‘नोंदणी नाही ना? मग गाणं कुणीही वापरेल.’ हे साफ खोटं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गाणं लिहून किंवा रेकॉर्ड करून ठेवलं की हक्क लागू होतो. नोंदणी ऐच्छिक, वाद झाला तर पुरावा म्हणून उपयोगी. म्हणूनच वहीतली खाडाखोड आणि मोबाइलवर गुणगुणलेली पहिली चाल तारखेसकट जपा.

खरं नुकसान होतं ते सहीने. चार कार्यक्रमांच्या आशेवर ‘सर्व हक्क कायमचे’ लिहिलेल्या कागदावर सही करू नका रे! आणि केलीच असेल, तरी २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला, म्हणजे गाणं वापरल्याबद्दल मिळणाऱ्या पैशातला, समान वाटा गाणं घेणाऱ्या कंपनीला लिहून घेता येत नाही.