मनगटावरून महाधमनीचा दाब: चूक नेमकी कुठे शिरते

हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडांना सोसावा लागतो तो महाधमनीतला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीतला दाब. दवाखान्यात मोजला जातो तो दंडातला. १८७०च्या दशकात लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये फ्रेडरिक महोमेद मनगटाच्या नाडीचा आलेख काढून त्याच्या आकारावरून वाढलेला दाब ओळखत. पुढे १८९६मध्ये रिव्हा-रॉची यांची दंडाची पट्टी आली, १९०५मध्ये कोरोत्कोव्ह यांनी तिच्याखालचे आवाज नोंदवले आणि आलेख मागे पडला. दोन आकड्यांची सोय कुणाला नको असते!

दोन ठिकाणचे दाब सारखे नसतात, हे १९५५मध्ये क्रोकर आणि वुड यांनी महाधमनीत व हातापायांच्या धमन्यांत एकाच वेळी नळ्या घालून दाखवले. ठोक्यासोबत उठणारी दाबाची लहर हृदयापासून दूर जाते तसा वरचा दाब चढतो, खालचा किंचित उतरतो, सरासरी दाब मात्र जवळपास तोच राहतो. टोकाकडच्या धमन्या अधिक ताठ असतात आणि तिथून लहर परतही फिरते, म्हणून हे घडते. तरुणांत हा फरक मोठा असतो, वयाबरोबर घटतो.

नळी न घालता लहर टिपायचे साधन म्हणजे टोनोमीटर. पेन्सिलीसारख्या दांडीच्या टोकावर दाब ओळखणारा संवेदक असतो. मनगट किंचित मागे वाकवून आधारावर ठेवायचे आणि नाडी हाडावर हलकेच सपाट होईल इतकेच दाबायचे. धमनीची भिंत सपाट झाली की भिंतीतला ताण आड येत नाही, आतला दाब थेट संवेदकावर पडतो. कमी दाबले तर लहर बुटकी येते. जास्त दाबले तर धमनीच चेपते आणि लहरीचा तळ बिघडतो. सिडनीत ओ'रूर्क, अ‍ॅव्होलिओ आणि सहकाऱ्यांनी १९९३मध्ये १४ रुग्णांच्या नोंदींवरून मनगट आणि महाधमनी यांच्या लहरींतले गणिती नाते, म्हणजे ट्रान्सफर फंक्शन, मांडले. सगळ्यांना एकच सूत्र कसे चालेल, यावर बराच वाद झाला. पण मोठी चूक तिथे नव्हती.

टोनोमीटर लहरीचा आकार चांगला देतो, आकडे देत नाही. ते दंडाच्या पट्टीवरून घेऊन लहरीला लावावे लागतात. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. आता पट्टी धमनीतल्या खऱ्या दाबाच्या तुलनेत वरचा दाब सरासरीने कमी आणि खालचा जास्त दाखवते. समजा, दंडाच्या धमनीत खरा दाब १३६/७४ आहे आणि पट्टी १३०/८० सांगते. दोन्ही दाबांतले अंतर महाधमनीत १.२ पटीने कमी असेल, तर तिथला खरा दाब साधारण १२६/७४ निघतो. पट्टीच्या आकड्यांवरून तेच गणित केले की उत्तर येते १२२/८०. सूत्र निर्दोष, तरी वरच्या-खालच्या दाबांतले अंतर १० मिमीने (पाऱ्याच्या मिलिमीटरने) हुकले. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात हेच ठळक दिसले (± नंतरचा आकडा म्हणजे चुकांचा पसारा, प्रमाण विचलन): धमनीतल्या नळीवरून कॅलिब्रेशन केले तेव्हा वरच्या दाबातली चूक सुमारे उणे १.१ ± ४.१ मिमी होती, पट्टीवरून केले तेव्हा उणे ८.२ ± १०.३.

मग रक्तदाबाच्या औषधांचा महाधमनीतल्या दाबावरचा परिणाम पाहणाऱ्या २००६च्या 'कॅफे' अभ्यासाचे काय? त्यात अ‍ॅटेनोलॉल आणि अ‍ॅम्लोडिपिन ही औषधे घेणाऱ्या गटांत दंडातल्या वरच्या दाबाचा फरक ०.७ मिमीच होता, महाधमनीतल्या अंदाजात तो ४.३ निघाला. दोन्ही गटांना तीच पट्टी आणि तेच सूत्र असल्याने तुलना बऱ्यापैकी टिकते. एकट्या रुग्णाचा आकडा तेवढ्या भरवशाचा नसतो.

यंत्राचा अंदाज महाधमनीत घातलेल्या नळीशी ताडून पाहायच्या पडताळणीतही सावळागोंधळ होता. पाण्याने भरलेल्या नळीत बुडबुडा राहिला तर लहर बोथट होते, नळीचा प्रतिसाद जुळला नाही तर टोक उगाच वर उडते. संवेदकाची पातळी १० सेंमीने चुकली की सुमारे ७.७ मिमीचा फरक पडतो. २०१७मध्ये धमन्यांवर संशोधन करणाऱ्यांच्या आर्टरी सोसायटी या संघटनेने नियम घातले: किमान ८५ जण, टोकावर संवेदक असलेली नळी उत्तम, सरासरी चूक ५ मिमीच्या आत आणि प्रमाण विचलन ८ मिमीपर्यंत. यंत्रांचेही दोन प्रकार केले. एक प्रकार दंडाच्या आकड्याशी सुसंगत अंदाज देतो, दुसरा महाधमनीतला खरा दाब सांगण्याचा दावा करतो. दुसऱ्या प्रकारची यंत्रे बऱ्याचदा वरच्या-खालच्या दाबाऐवजी सरासरी आणि खालच्या दाबावरून कॅलिब्रेशन करतात. त्याने वरचा आकडा चढतो, म्हणून यंत्राच्या नावासोबत कॅलिब्रेशनची पद्धत लिहिलेली नसेल, तर दोन अहवाल शेजारी ठेवू नयेत.