पाद्र्याचा अधिकार आणि इमामाचा अधिकार

गोव्यात सर्वधर्म सलोख्याचा कार्यक्रम असला की मंचावरची मांडणी ठरलेली असते. एका खुर्चीवर भटजी किंवा मठाचे कुणी प्रतिनिधी, शेजारी पांढऱ्या झग्यातले पाद्री, त्यांच्या पलीकडे मशिदीचे इमाम. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत तिघांनाही 'धर्मगुरू' म्हटलेलं असतं. सलोख्यासाठी हे चांगलंच आहे. पण त्यातून अशी समजूत रुजते की चर्चमध्ये पाद्र्याचं जे स्थान, तेच मशिदीत इमामाचं आणि ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये रब्बीचं. ही समजूत चुकीची आहे. ती दूर होणं मला फार गरजेचं वाटतं, कारण तिच्यापायी आपण शेजाऱ्यांकडून भलत्या अपेक्षा करतो आणि त्या पुऱ्या झाल्या नाहीत की त्यांनाच दोष देतो.

सासष्टीतल्या राशोलच्या सेमिनरीत वर्षानुवर्षं शिकला, तरी तेवढ्यानं कुणी पाद्री होत नाही. बिशप त्याच्या डोक्यावर हात ठेवून दीक्षा देतात तेव्हा तो पाद्री होतो. त्या बिशपांना आधीच्या बिशपांनी अशीच दीक्षा दिलेली असते, आणि कॅथलिक श्रद्धेप्रमाणे ही साखळी मागे जात येशूच्या प्रेषितांपर्यंत पोचते. कवळे किंवा पर्तगाळी मठाच्या गुरुपरंपरेची ओळख असलेल्यांना यातलं मर्म लगेच कळेल. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, भाकर आणि द्राक्षारस अर्पण करणं, कुमसार म्हणजे पापांची कबुली ऐकून क्षमा देणं, या गोष्टी दीक्षेमुळेच करता येतात. दीक्षा नसलेला माणूस कितीही विद्वान असो, कितीही सात्त्विक असो, त्याला त्या करता येत नाहीत.

उलट बाजूही तितकीच पक्की आहे. पाद्री वागायला वाईट निघाला म्हणून त्यानं दिलेले संस्कार खोटे ठरत नाहीत. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत यावरूनच मोठा वाद पेटला होता. रोमनांनी ख्रिस्त्यांचा छळ केला त्या काळात ज्या धर्माधिकाऱ्यांनी कच खाल्ली, त्यांनी दिलेले संस्कार धरायचे की नाही? संत ऑगस्टिन यांनी ठामपणे मांडलं की संस्कार ख्रिस्ताचे असतात, देणाऱ्याच्या पुण्याईवर ते अवलंबून नसतात. चर्चनं हेच मान्य केलं. आजही सेवेतून काढून टाकलेला पाद्री मरणाच्या दारातल्या माणसाचं कुमसार ऐकून त्याला क्षमा देऊ शकतो, कारण एकदा मिळालेली दीक्षा पुसली जात नाही.

रब्बी आणि इमाम यांना अशी दीक्षा लागत नाही, आणि हा फरक खरा किती खोल आहे, ते आपल्याच किनाऱ्यावरच्या दोन इतिहासांतून दिसतं.

पहिला गोव्याचे पाद्री जोजे वाझ यांचा. १६५१मध्ये बाणावलीत त्यांचा जन्म झाला. त्या सुमारास डचांनी श्रीलंकेचा किनारा पोर्तुगीजांकडून जिंकून घेतला आणि कॅथलिक पाद्र्यांना तिथं बंदी घातली. मागे राहिलेले कॅथलिक घरात प्रार्थना म्हणू शकत होते. निकडीच्या वेळी बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतो, तेवढी सोय होती. पण मिस्सा नाही, कुमसार नाही. भाविक होते, श्रद्धा होती, पाद्री तेवढा नव्हता, आणि त्याची जागा दुसरं कुणी घेऊ शकत नव्हतं. १६८७मध्ये वाझ मजुराच्या वेशात लंकेत पोचले. कँडीच्या राजानं पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैदेतही टाकलं. मागाहून गोव्याहून आणखी पाद्री गेले. वाझ मात्र १७११मध्ये मरेपर्यंत तिथंच राहिले. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केलं. त्यांच्या धाडसाचं आपण कौतुक करतो, पण त्या धाडसाची गरज का पडली हे कॅथलिक पाद्र्याचा अधिकार समजल्याशिवाय कळत नाही.

दुसरा बेने इस्राएलांचा. गोव्याच्या उत्तरेला, रायगडच्या किनाऱ्यावर राहणारे हे मराठीभाषक ज्यू. तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. शतकानुशतकं त्यांच्यात रब्बी नव्हता. तरी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, टिकला, मुलांची सुंता टिकली, खाण्यापिण्याचे नियम टिकले, 'शेमा' ही प्रार्थना ओठांवर राहिली. पुढे दावीद रहाबी नावाच्या ज्यू प्रवाशानं त्यांच्यातल्या तिघांना शिकवून तयार केलं अशी त्यांची परंपरा सांगते, आणि या धार्मिक प्रमुखांना ते काझी म्हणत. १७९६ साली सामुएल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग उभारलं. रब्बीवाचून ज्ञानाची उणीव जरूर भासली, पण धर्म अडून पडला नाही. ज्यूंच्या सामुदायिक प्रार्थनेला परंपरेप्रमाणे दहा प्रौढ पुरुष लागतात. रब्बी लागतोच असं नाही.

रब्बी हा धर्मशास्त्राचा जाणकार असतो. अमुक अन्न चालेल का, शब्बाथला अमुक काम करावं का, हे तो ग्रंथांच्या आधारे सांगतो. त्याची पदवी शिक्षणातून येते. पाद्र्याशी खरं साम्य असलेले पुरोहित ज्यूंमध्येही होते. ते कोहेन, जेरुसलेमच्या मंदिरात बळी अर्पण करणारे, आणि त्यांचा अधिकार जन्मानं येई. इ.स. ७०मध्ये रोमनांनी ते मंदिर पाडलं, यज्ञ थांबले आणि हळूहळू पुढारीपण पुरोहितांकडून पंडितांकडे गेलं.

इमाम रब्बीच्या जवळचा आहे. सुन्नी मुसलमानांमध्ये इमाम म्हणजे नमाजाच्या वेळी पुढे उभा राहणारा. त्याला दीक्षा नसते. दोघंच नमाज पढत असतील तरी त्यातला एक इमाम होतो. कुराण ज्याला अधिक चांगलं येतं त्यानं पुढे व्हावं, अशी पैगंबरांची शिकवण सांगितली जाते. फोंड्याची साफा मशीद असो की वाळपईची एखादी, नेमलेले इमाम गावाला गेले म्हणून नमाज थांबत नाही. पापाची क्षमा माणूस थेट अल्लाकडे मागतो, मध्ये इमाम नसतो.

फतव्याबद्दल तर फार गैरसमज आहे. मुफ्ती, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचा जाणकार, देतो ते विचारलेल्या प्रश्नावरचं मत असतं. दुसरा मुफ्ती वेगळं मत देऊ शकतो. अशा मताला कायद्याचं बळ नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून कुठल्याशा गावातल्या मौलवींचं विधान दाखवून 'मुसलमानांचं असं म्हणणं आहे' असं सांगणं अन्यायाचं आहे. कॅथलिकांची गोष्ट वेगळी. गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेराँव परिपत्रक काढतात तेव्हा ते खरोखर सगळ्या धर्मप्रांताच्या वतीनं बोलत असतात. २०२२पासून ते कार्डिनल आहेत आणि २०२५मध्ये पोप निवडणाऱ्यांत होते. सुन्नींमध्ये अशी उतरंडच नाही. खलिफा होता, पण तुर्कस्ताननं १९२४मध्ये ते पदच रद्द केलं. आणि खलिफा असतानाही तो पोपसारखा श्रद्धेचे सिद्धांत ठरवत नव्हता.

शिया पंथाचं हे चित्र नव्हे, एवढं मात्र लक्षात ठेवावं. मोहरममध्ये ज्यांचा शोक केला जातो ते इमाम हुसेन मशिदीतल्या इमामासारखे नव्हेत. शियांच्या दृष्टीनं पैगंबरांच्या घराण्यातले इमाम दैवी निवडीचे असतात आणि आज वरिष्ठ आयातुल्लांचा, म्हणजे शिया धर्मपंडितांचा, शब्द त्यांचे अनुयायी मानतात. ख्रिस्ती बाजूलाही प्रोटेस्टंट पास्टर कॅथलिक पाद्र्यापेक्षा रब्बी-इमामांच्या जवळ जातो, कारण मार्टिन ल्यूथर यांनी १५२०मध्येच सगळे श्रद्धावंत पुरोहित आहेत असं मांडलं होतं.

लग्नात मात्र पाद्री आणि इमाम अनपेक्षितपणे एकमेकांजवळ येतात. निकाहाचा गाभा म्हणजे इजाब-कबूल (प्रस्ताव आणि त्याचा स्वीकार), साक्षीदार आणि मेहर (वरानं वधूला द्यायची रक्कम किंवा वस्तू). इमाम किंवा काझी तो पढवतात, पण करार वधू-वरांचा. गोव्यातल्या चर्चच्या परंपरेतही विवाहाचा संस्कार वधू-वर एकमेकांना देतात आणि पाद्री चर्चच्या वतीनं साक्षी असतो. त्याची हजेरी सक्तीची झाली ती ट्रेंटच्या कॅथलिक धर्मसभेत, १५६३मध्ये. आणि गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यामुळे दोन्ही धर्मांतल्या जोडप्यांना नोंदणी कार्यालयाची पायरी चढावीच लागते.