कोंबडी धडधाकट, आणि आत साल्मोनेला

आजारी कोंबडी ओळखून बाजूला काढली की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण साल्मोनेला या जंतूची खरी गोची हीच आहे की अंगात जंतू असलेली मोठी कोंबडी बहुतेक वेळा आजारी दिसतच नाही. खाते-पिते, अंडी देते, आणि जंतू तिच्या आतड्यात राहून विष्ठेतून बाहेर पडत राहतो, मग तिथून तुसात, पाण्याच्या भांड्यात, शेजारच्या कोंबडीच्या चोचीत, आणि शेडमध्ये उंदीर असतील तर एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये.

याचे 2500 च्या वर प्रकार आहेत. पुलोरम आणि गॅलिनेरम हे खास कोंबड्यांचे, त्यात पिल्लांना पांढरी हगवण लागते, पक्षी मरतात, त्यामुळे किमान कळतं तरी, आणि माणसाला त्यांचा त्रास जवळपास नसतो. माणसाला आजारी पाडतात ते मुख्यतः एन्टरिटिडिस आणि टायफिम्युरियम. (टायफॉइडचा जंतू याच कुळातला, पण तो फक्त माणसातच राहतो, कोंबडीतून येत नाही, इथे खूप जणांचा गोंधळ होतो.)

एन्टरिटिडिस जास्त धोक्याचा, कारण तो कोंबडीच्या अंडाशयात आणि अंडनलिकेत शिरतो, म्हणजे कवच तयार व्हायच्या आधीच जंतू अंड्यात जाऊन बसतो, मग तुम्ही कवच कितीही पुसा. ब्रिटनमध्ये डिसेंबर 1988 मध्ये एडविना करी या आरोग्य खात्याच्या राज्यमंत्री बोलून गेल्या की देशातल्या बहुतेक अंड्यांच्या उत्पादनात साल्मोनेला आहे, अंड्यांचा खप कोसळला आणि दोन आठवड्यांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांचं विधान अतिशयोक्तीचं होतं, पण प्रॉब्लेम खरा होता. पुढे तिथे एका योजनेखाली अंड्यावरच्या कोंबड्यांना लस द्यायला सुरुवात झाली, त्यासोबत टेस्टिंग आणि उंदरांचा बंदोबस्त, आणि 2017 मध्ये तिथल्या अन्न सुरक्षा संस्थेने सांगितलं की या योजनेतली अंडी गरोदर बायका आणि लहान मुलांनीही अर्धकच्ची खाल्ली तरी चालतील. मला हे फार मोठं यश वाटतं, कारण ते फार्मवर मिळवलेलं आहे.

पिल्लांचं तर अजून वेगळं. आईच्या पंखाखाली वाढणाऱ्या पिल्लाला तिच्याकडून आतड्यातले चांगले जंतू मिळतात, हॅचरीत, म्हणजे मशीनमध्ये अंडी उबवतात तिथे, आई नसतेच, आतडं रिकामं, त्यामुळे अगदी थोडे साल्मोनेला पोटात गेले तरी ते तिथे ठाण मांडतात. फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी 1973 मध्ये दाखवलं की निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जंतू पिल्लांना आधीच पाजले तर साल्मोनेलाला जागाच उरत नाही. किती साधी गोष्ट!

माणसाला साधारण 6 तास ते 6 दिवसांत जुलाब, ताप, पोटात कळा सुरू होतात आणि बहुतेक जण आठवड्याभरात अँटिबायोटिकशिवाय बरे होतात. पण तान्ही बाळं, म्हातारी माणसं, प्रतिकारशक्ती कमी असलेले, यांच्यात जंतू रक्तात जाऊ शकतो, तेव्हा अँटिबायोटिक लागतंच, आणि फार्मवर अँटिबायोटिक बेसुमार वापरलं गेलं असेल तर जंतू त्याला दाद देत नाही, म्हणजे नेमकं तेव्हाच ते चालत नाही.

आणि एक, कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका प्लीज. जंतू जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि शेजारी चिरून ठेवलेल्या काकडीवर उडतात. ते मरतात उष्णतेने, मांसाच्या आतपर्यंत 74 अंश सेल्सिअस पोचलं की.