बॅकअप सर्व्हर, लहान कार्यालयातील

कार्यालयातल्या संगणकांवरील फायलींच्या प्रती ठरल्या वेळी आपोआप घेऊन त्या मूळ जागेपासून वेगळ्या राखणारे यंत्र, आणि त्या यंत्रापर्यंत जाणारे अंतर्गत जाळे. सनदी लेखापाल, वकील, वास्तुविशारद, दवाखाना, पतसंस्था, छोटा कारखाना अशा पाच ते पंचवीस संगणकांच्या ठिकाणी ही सगळी मांडणी बहुधा एका कपाटात मावते : इंटरनेट कंपनीचा राउटर, सगळ्या केबल एकत्र जोडणारा एक स्विच, एक यूपीएस आणि दोन किंवा चार डिस्कचा नॅस. नॅस म्हणजे जाळ्याला थेट जोडलेली साठवणपेटी. तिला स्वतःचा प्रोसेसर असतो आणि बहुतेक वेळा लिनक्सवर बेतलेली प्रणाली असते. सिनॉलॉजी व क्यूनॅप या तैवानी कंपन्यांच्या पेट्या भारतात सहज मिळतात. जुन्या संगणकात डिस्क घालून ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट ही नॅसची प्रणाली बसवली तरी काम तेच होते. फक्त ते सांभाळणारा माणूस हाताशी हवा.

फाइल सर्व्हर आणि बॅकअप सर्व्हर ही कामे वेगळी आहेत. फाइल सर्व्हरवर सगळे रोज काम करतात, बॅकअप सर्व्हरवर कोणीच करत नाही. खर्च वाचवण्यासाठी एकच पेटी दोन्हींकडे जुंपली जाते आणि मग ‘सर्व्हरवर आहे ना’ एवढ्यावर समाधान मानले जाते. फाइल फक्त सर्व्हरवरच असेल तर ती एकुलती एक प्रत असते.

अलगपणा : सर्व्हर येण्यापूर्वी, आणि कित्येक ठिकाणी आजही, हिशेबनीस संध्याकाळी टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन घरी जातो. ही पद्धत बेभरवशाची आहे. पेनड्राइव्ह हरवतो, शनिवारी प्रत घ्यायची राहून जाते, आणि टॅलीखेरीज बाकीच्या फायलींकडे कोणाचे लक्षच नसते. तरी तिच्यात एक गुण आहे जो महागड्या पेटीत आपोआप येत नाही : रात्री ती प्रत कार्यालयात नसते आणि कोणत्याही संगणकाला जोडलेलीही नसते. सर्व्हर नियमितपणा आणतो, पण प्रत आणि मूळ एकाच तारेवर आणून ठेवतो.

त्याची किंमत काय असते हे २७ जून २०१७ रोजी दिसले. नॉटपेट्या हा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला आणि मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे जगभरचे संगणक बंद पडले. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात याच समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. वापरकर्त्यांची ओळख सांभाळणारे मर्स्कचे जगभरातील सर्व्हर एकमेकांच्या प्रती ठेवत होते, म्हणून वेगळ्या बॅकअपची गरज कोणाला वाटली नव्हती. ते सगळे एकाच वेळी गेले. वाचला तो घानामधील एक सर्व्हर, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. त्या एका डिस्कवरून पुढची उभारणी झाली. कंपनीने सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने बसवल्याचे नंतर सांगितले. पाच संगणकांच्या कार्यालयालाही यातला मुद्दा तसाच लागू होतो. दोन जागी एकसारखे राहणारे फोल्डर, म्हणजे सिंक, चूकही तितक्याच तत्परतेने दोन्हीकडे पोहोचवते.

जोडणी : जाळ्याचा वेग ठरवणारी वस्तू पुष्कळदा सर्व्हर नसून भिंतीतली केबल असते. १९९९ मध्ये मानक ठरलेले गिगाबिट इथरनेट कॅट-५ई किंवा कॅट-६ केबलवरून १०० मीटरपर्यंत चालते आणि प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट वाहून नेते. या वेगाने १ टेराबाइट नेण्यास अडीच तास लागतात. वाटेत कोठेही १०० मेगाबिटचे, म्हणजे दहापट हळू, पोर्ट (केबल खोचण्याची जागा) आले (आठ मेगाबिट म्हणजे एक मेगाबाइट) की तेच काम चोवीस तासांवर जाते, म्हणजे रात्री सुरू केलेला बॅकअप दुसऱ्या दिवशी कामाच्या वेळीही चालूच राहतो. इंटरनेटबरोबर फुकट आलेल्या स्वस्त राउटरची पोर्ट बऱ्याचदा अशीच असतात. म्हणून संगणक आणि नॅस एकाच गिगाबिट स्विचला जोडावेत. राउटरला त्या स्विचमधून एकच केबल जावी. अंतर्गत फायली मग राउटरमधून जातच नाहीत. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल निम्म्या भावात मिळते. ती पंचिंगच्या वेळी, म्हणजे टोके सॉकेटमध्ये दाबून बसवताना, तुटते आणि लांब अंतरावर वेग पाडते. भिंत एकदाच फोडायची असल्यामुळे इथली काटकसर सगळ्यांत महाग पडते.

नॅसला पत्ता कायमचा द्यावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०; १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांचा गट १९९६ पासून खासगी जाळ्यांसाठी राखीव आहे. राउटरमध्येच तो पत्ता नॅसच्या नावे राखून ठेवला की पुढे ‘सर्व्हर दिसत नाही’ ही तक्रार बरीच कमी होते. पाहुण्यांचे वायफाय आणि सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारा डीव्हीआर या जाळ्यापासून वेगळे असावेत. डीव्हीआरचा पासवर्ड बसवणाऱ्याने ठेवला तोच वर्षानुवर्षे असतो, आणि तो गावभर माहीत असतो.

डिस्क आणि रेड : अनेक डिस्क एकत्र बांधण्याच्या रेड पद्धतीची मांडणी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ च्या शोधनिबंधात केली. लहान पेटीत रेड-१ पुरतो : दोन डिस्कवर तेच लिहिले जाते, एक बंद पडली तरी काम थांबत नाही. ४ टेराबाइटच्या दोन डिस्क घातल्या तर जागा ४ टेराबाइटच मिळते, आणि विंडोज ती सुमारे ३.६ दाखवते, दुकानदाराने फसवलेले नसते, मोजण्याची एकके वेगळी असतात. रेड यंत्राच्या बिघाडापासून वाचवतो. चुकून खोडलेली फाइल तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी खोडतो. ‘रेड आहे, मग बॅकअप कशाला’ हा प्रश्न विक्रेत्यांनीच रुजवला आहे.

यूपीएसची यूएसबी तार नॅसला लावायची असते. ती नसेल तर बॅटरी संपेपर्यंत पेटी चालू राहते आणि मग धाडकन बंद पडते. तार असेल तर वीज गेल्यावर पेटी स्वतःहून व्यवस्थित बंद होते. खोक्यातून ही तार बाहेरच काढलेली नसते असे दृश्य नवे नाही. भारनियमनाच्या गावी बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते, तेव्हा तिची तारीख यूपीएसवरच लिहून ठेवणे बरे.

प्रती : पहिल्या दिवशी पूर्ण प्रत, पुढे फक्त बदललेला भाग, हा सर्वसाधारण क्रम. बदललेला भाग तेवढाच पाठवणारे आरसिंक हे साधन अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. अनेक पेट्यांच्या पोटात आजही तेच चालते. जुन्या प्रती किती ठेवायच्या हा निर्णय कामावरून घ्यायचा असतो. रोजच्या १४, आठवड्याच्या ८ आणि महिन्याच्या १२ ही लेखापालाच्या कार्यालयाला पुरणारी मांडणी आहे, कारण बिघडलेली फाइल बहुतेक वेळा ग्राहकाने तीन महिन्यांनी कागद मागितल्यावरच लक्षात येते.

टॅलीसारख्या कार्यक्रमाच्या चालू फायली नुसत्या कॉपी केल्या तर अर्धी नोंद अलीकडची आणि अर्धी पलीकडची अशी प्रत तयार होऊ शकते. विंडोजमधील शॅडो कॉपी ही सोय त्या क्षणाचे चित्र गोठवून तेवढ्याचीच प्रत घेते. बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये ती चालू आहे ना हे पाहावे लागते. त्याहून सोपा उपाय म्हणजे सगळे बाहेर पडल्यावर टॅलीचा स्वतःचा बॅकअप आधी घेणे आणि रात्री सर्व्हरने तो उचलणे. डेस्कटॉपवर साठलेल्या फायलींचे काय, हा प्रश्न मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरने सुटलेला नाही. आर्टिकलशिप, म्हणजे सनदी लेखापालाकडे उमेदवारी, करणाऱ्या मुलांचे निम्मे काम तिथेच असते, तेव्हा डेस्कटॉपही बॅकअपच्या यादीत घालणे हाच व्यवहार.

परवानग्या : खंडणीखोर व्हायरस संगणकावर शिरला की त्या संगणकाला जे जे ड्राइव्ह दिसतात ते सगळे कुलूपबंद करतो. बॅकअपचे फोल्डर प्रत्येकाच्या संगणकावर झेड ड्राइव्ह म्हणून दिसत असेल तर तेही जाते. म्हणून संगणकाने सर्व्हरकडे प्रत ढकलण्यापेक्षा सर्व्हरने संगणकाकडून ती ओढून घेणे चांगले. किल्ली सर्व्हरकडे राहते, संगणकाकडे नाही. ढकलण्याचीच सोय असेल तर त्यासाठी वेगळे खाते काढावे आणि नॅसवर स्नॅपशॉट, म्हणजे ठरावीक क्षणांची गोठवलेली चित्रे, चालू ठेवावेत, जे त्या खात्याला पुसता येणार नाहीत.

२०१७ च्या मे महिन्यातील वॉनाक्राय फाइल देवाणघेवाणीच्या एसएमबी-१ या जुन्या पद्धतीतील फटीतून पसरला. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. त्याच वर्षाच्या अखेरीपासून नव्या विंडोजमध्ये ही पद्धत मुळात बंद येते, तरी कार्यालयात ती पुन्हा चालू केलेली आढळते, आणि कारण बहुधा कोपऱ्यातले झेरॉक्स मशीन असते. जुन्या मशीनला स्कॅन केलेले पान फोल्डरमध्ये टाकण्यासाठी दुसरी भाषाच येत नाही. अशा मशीनला ईमेलने किंवा एफटीपी या फाइल पाठवण्याच्या दुसऱ्या पद्धतीने पाठवायला लावता येते.

घरून फायली पाहता याव्यात म्हणून राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे इथे बाहेरून आत येण्याची वाट, उघडून नॅस थेट इंटरनेटवर ठेवणे ही दुसरी सवय. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर व्हायरसने अशाच उघड्या क्यूनॅप पेट्या गाठल्या. बाहेरून यायचे तर व्हीपीएनमधूनच, म्हणजे इतरांना आत डोकावता न येणाऱ्या खासगी वाटेनेच, यावे. वायरगार्ड हे व्हीपीएन आता बऱ्याच राउटरमध्ये असते.

बाहेरची प्रत : तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत दुसऱ्या जागी हा ३-२-१ नियम अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केला. महाराष्ट्रात दुसऱ्या जागेचे महत्त्व वेगळे सांगावे लागू नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले. मंत्रालयाला २१ जून २०१२ रोजी आग लागली. पूरक्षेत्रात नॅस तळमजल्यावर ठेवूच नये, आणि दुसरी जागा म्हणजे त्याच बाजारपेठेतली शाखा नव्हे. क्लाउडही कोणाच्या तरी इमारतीतच असतो : १० मार्च २०२१ ला स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे डेटा सेंटर जळाले, आणि ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते त्यांचे दोन्ही गेले.

अपलोडचा वेग सेकंदाला २० मेगाबिट असेल तर १ टेराबाइट वर जायला साडेचार दिवसांहून अधिक लागतात. रोजचा बदल काही गिगाबाइटचाच असतो, तो रात्रीत जातो. परत आणायची वेळ आली की मात्र सगळेच एकदम लागते. म्हणून क्लाउडच्या जोडीला दोन बाह्य डिस्क आलटूनपालटून वापरणे टिकून आहे : एक नॅसला लावलेली, दुसरी घरी. पेनड्राइव्ह घेऊन जाणाऱ्या हिशेबनिसाची जागा इथे मोठी डिस्क घेते.

परत आणणे : ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेस खोडला गेला. बॅकअपच्या अनेक तजविजी होत्या; रोजची प्रत आवृत्तीच्या घोळामुळे तयारच होत नव्हती, आणि अपयश कळवणाऱ्या ईमेल वाटेतच अडवल्या जात होत्या. शेवटी कोणीतरी सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी हाताने घेतलेली प्रत उपयोगी पडली. लहान कार्यालयात तिमाहीतून एकदा एक कंपनीचा टॅली डेटा आणि एक जुनी फाइल दुसऱ्याच संगणकावर उघडून पाहिली तरी पुरे. हिरवी खूण पाहून थांबू नये. फाइल उघडावी, शेवटच्या नोंदीची तारीख वाचावी. किती वेळात काम पुन्हा सुरू व्हायला हवे याचे उत्तरही वर्षभर एक नसते. जूनमध्ये दोन दिवस गेले तर चालतात, कर लेखापरीक्षणाच्या ३० सप्टेंबरच्या मुदतीआधी चालत नाहीत.

कायदा : कंपनी कायदा २०१३ नुसार हिशेबाची पुस्तके आठ वर्षे राखावी लागतात. ती इलेक्ट्रॉनिक असतील तर त्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर ठेवावा लागतो, आणि ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून तो दररोज घ्यावा लागतो. परदेशी क्लाउडवर समाधान मानणाऱ्या कंपन्यांनी हे पाहावे. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर हल्ल्याची खबर सहा तासांत द्यायची असते.

बाहेर जाणारी प्रत कूटबद्ध, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारी, असावी, आणि तिचा पासवर्ड नॅसवरच्या फाइलमध्ये नव्हे तर कागदावर, बँकेच्या लॉकरमध्ये असावा. वॉरंटीत बदलायला दिलेल्या रेड-१ च्या एका डिस्कवरही सगळ्या ग्राहकांचे पॅन, आधार आणि बँक पासबुके पूर्ण असतात. पेटीतली साठवण सुरुवातीलाच कूटबद्ध केलेली नसेल तर अशी डिस्क परत न करता भोक पाडून टाकावी आणि वॉरंटी सोडून द्यावी.