दोषसिद्धीतील सामाजिक विषमता

आरोपीची ऐपत, जात, शिक्षण आणि राहण्याचे ठिकाण यांमुळे फौजदारी खटल्याच्या निकालात व शिक्षेच्या स्वरूपात पडणारी तफावत. वसाहतपूर्व काळात ती उघडपणे नियमांतच होती. आजच्या कायद्यात ती शब्दांत सापडत नाही. अटक आणि निकाल यांच्या मधल्या काळात, विशेषतः जामिनाच्या टप्प्यावर, ती घडते. प्रस्तुत नोंद पुण्याच्या संदर्भात आहे.

उगम : ही विषमता मुळात कोठून आली, याविषयी वाद आहे. पुण्यापुरता तो पेशवाईपासून सुरू होतो. स्मृतिग्रंथांत जातिनिहाय दंड आहेत, पण ते एकाच दिशेने जात नाहीत. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ब्राह्मणाला देहान्ताऐवजी मुंडन सांगितले आहे. त्याच अध्यायात चोरीचा दोष मात्र शूद्राला आठपट, वैश्याला सोळापट, क्षत्रियाला बत्तीसपट आणि ब्राह्मणाला चौसष्टपट धरला आहे. यांतला पहिला नियम पेशव्यांच्या पुण्यात पाळला जाई, दुसरा पाळला गेल्याच्या खुणा विरळ आहेत. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या दख्खनविषयक अहवालात ब्राह्मण कैद्यांना उघड देहान्त देता येत नसल्याने निम्मे पीठ व निम्मे मीठ अशी भाकरी खाऊ घालून संपवल्याचा उल्लेख येतो. एल्फिन्स्टन नव्या राज्यकर्त्याच्या नजरेने लिहीत होता, हे लक्षात ठेवून तो वाचावा. डेक्कन कॉलेजने १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वि. त्रिं. गुणे यांच्या मराठेकालीन न्यायव्यवस्थेवरील अभ्यासापासून महजर (सभेने दिलेले निर्णयाचे लेख) व निवाडपत्रांवर भर आला. त्या कागदांत दंडाची, म्हणजे तेव्हाच्या भाषेत ‘गुन्हेगारी’ची, रक्कम ऐपत पाहून ठरवलेली दिसते. सधनाला पैसे भरून सुटता येई. निर्धनाच्या वाट्याला बेडी किंवा शारीरिक शिक्षा येई. त्यामुळे केवळ जातीवर बोट ठेवणाऱ्या मांडणीपेक्षा जात व ऐपत एकत्र पाहणारी मांडणी अधिक पटण्याजोगी वाटते.

दुसरा पक्ष विषमतेचे मूळ इंग्रजी अमलात पाहतो. १८६० च्या दंडसंहितेने जातिनिहाय शिक्षा संपवल्या, पण १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण समाज जन्माने संशयित ठरवले. १९११ मध्ये हा कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला. नोंद झालेल्या माणसाला ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्या दोषसिद्धीला किमान सात वर्षे, तिसरीला जन्मठेप काळ्या पाण्याची, अशी तरतूद होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा देशभर रद्द झाला. पण मुंबई राज्यात १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला, आणि पारधी, कैकाडी, रामोशी वस्त्यांकडे पाहण्याची पोलिसी सवय त्या आधारावर टिकली. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालात तुरुंगातील जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली, तसेच विमुक्त जमातींना (पूर्वी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या समाजांना) सरसकट ‘सराईत’ म्हणण्यालाही हरकत घेतली.

जामीन व कबुली : शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात साध्या चोरीच्या प्रकरणात नेहमीचा आदेश असतो तो ठरावीक रकमेचा जातमुचलका (आरोपीचे स्वतःचे हमीपत्र) आणि तितक्याच रकमेचा एक जामीनदार. जामीनदाराकडे आधार, रेशनकार्ड आणि पगारपत्रक, मिळकतकराची पावती किंवा सातबारा मागितला जातो. रक्कम मोठी असली तर तहसीलचा ऐपतीचा दाखला. मराठवाड्यातून बांधकामावर आलेल्या मजुराचे रेशनकार्ड गावाकडे असते, सातबारा चुलत्याच्या नावावर, आणि ओळखीचे लोक त्याच्याच झोपडपट्टीत भाड्याने राहणारे. परजिल्ह्यातील जामीनदार आणला तर पडताळणीत दिवस जातात. केवळ या कारणाने जामीनदार नाकारणे १९७८ च्या मोतीराम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चूक ठरवले होते. त्यातला आरोपीही गवंडीच होता. आदेश झाला, पण पूर्तता झाली नाही, म्हणून माणूस येरवड्यातच राहतो.

यावर उपाय कायद्यात आहेत. जामीनपात्र गुन्ह्यात एका आठवड्यात जामीनदार न मिळाल्यास आरोपी निर्धन आहे असे गृहीत धरून जातमुचलक्यावर सोडायचे असते. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांनुसार आदेशानंतर सात दिवसांत सुटका न झाल्यास तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे, आणि महिनाभरात पूर्तता न झाल्यास न्यायालय स्वतःहून अट शिथिल करू शकते. कोठडीतील व्यक्तीला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. केंद्राच्या २०२३ च्या योजनेत गरीब कच्च्या कैद्याच्या, म्हणजे खटला न संपलेल्या बंद्याच्या, जामिनासाठी सुरुवातीला ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत ठरवली होती.

खरी गोम पुढे आहे. भारतीय न्याय संहितेत चोरीला कमाल तीन वर्षे आहेत. फौजदारी प्रक्रियेच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार पूर्वी दोषी न ठरलेल्या आरोपीला या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ, म्हणजे वर्षभर, कोठडीत काढल्यावर सुटका मिळायला हवी. इतरांना निम्म्या काळानंतर, दीड वर्षाने. पण एकाहून अधिक गुन्हे वा खटले प्रलंबित असतील तर हा लाभ नाही. मोबाइल आणि दुचाकी चोरीत एकाच तरुणावर दोन-तीन ठाण्यांत गुन्हे दाखल असणे नेहमीचे, म्हणजे ज्याच्यासाठी कलम आहे तोच बाहेर राहतो. कैद्याला न्यायालयात नेणारी पोलीस पार्टी नसल्याने तारखा पडत जातात. अशा वेळी ‘गुन्हा कबूल कर, भोगलेली शिक्षा धरून आजच सुटशील’ हा सल्ला आरोपीला मोलाचा वाटतो. तो सुटतोही. पण त्याच्या नावावर दोषसिद्धी लागते. चोरीच्या दुसऱ्या दोषसिद्धीला किमान एक वर्ष व कमाल पाच वर्षे सक्तमजुरी आहे. पाच हजारांखालील मालाच्या पहिल्या चोरीत, माल परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा असते. ती वाटही बंद होते. हद्दपारीच्या प्रस्तावातही हीच नोंद पुढे येते. ऐपत असलेला आरोपी जामिनावर राहून खटला लढवतो; साक्षीदार फितूर होतात वा विसरतात, आणि पुरावा तोच असूनही निकाल वेगळा लागतो.

आकडेवारी : राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ अखेर देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे ७५.८ टक्के, कच्चे कैदी होते. तुरुंगांच्या या आकडेवारीत धर्म, सामाजिक प्रवर्ग व शिक्षण यांची वर्गवारी असते, उत्पन्नाची नसते. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात फाशीच्या कैद्यांपैकी ७४.१ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल आढळले. तो निष्कर्ष किरकोळ गुन्ह्यांना जसाच्या तसा लावू नये. कल्याणीनगरच्या १९ मे २०२४ च्या अपघातात अल्पवयीन चालकाला बाल न्याय मंडळाने काही तासांतच तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीसह जामीन दिला आणि वर्गभेदाची चर्चा शहरभर झाली. मात्र बालकांचा कायदाच वेगळा असल्याने या एका प्रकरणावरून प्रौढांच्या दोषसिद्धीविषयी फारसे काही ठरवता येत नाही.