कलंक आधी आला, औषध नंतर

फेब्रुवारी १९८९. गोव्यातल्या म्हापसा परिसरातल्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी बोलावून घेतलं. तो नेमाने रक्तदान करायचा आणि त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला होता. झालंय काय हे कुणी धड समजावून सांगण्याआधीच त्याची रवानगी क्षयरोग्यांच्या एका बंद पडलेल्या रुग्णालयात झाली. बाहेर पहारा होता. दोन महिन्यांहून जास्त काळ तो तिथे एकटा होता. गुन्हा काहीच नव्हता, पण बाधितांना वेगळं ठेवण्याची तरतूद गोव्याच्या आरोग्य कायद्यातच होती. आई ल्यूसी उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने समाजाच्या हिताचं कारण देत कायदा उचलून धरला. डॉमिनिक सुटून आला, पण नोकरी गेली होती. १९९२ मध्ये त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो गेला.

हा विषाणू स्पर्शाने किंवा एका ताटात जेवल्याने पसरत नाही, हे तेव्हाही डॉक्टरांना माहीत होतं. तरी सरकारनेच कडी लावली म्हटल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय समजायचं? त्यात १९८६ साली देशात पहिल्यांदा एचआयव्ही आढळला तो चेन्नईतल्या देहविक्री करणाऱ्या स्त्रियांमध्ये. तिथून हा आजार 'वागणुकी'चा ठरला. नवऱ्याकडून लागण झालेल्या कितीतरी विधवांना सासरने 'हिनेच आणलं' म्हणत घराबाहेर काढलं, जमिनीचा हिस्साही नाकारला.

१९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने वेगळी वाट धरली. काम करायला सक्षम असलेल्या माणसाला निव्वळ एचआयव्ही आहे म्हणून सार्वजनिक उपक्रमाला कामावरून काढता येणार नाही, असं त्यांनी ठरवलं. हा खटला एका मजुराचा होता आणि त्याला तो नाव झाकून लढता आला. नाव उघड झालं असतं तर तो कोर्टाची पायरी चढलाच नसता, असं मला वाटतं.

एप्रिल २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांत, म्हणजे एचआयव्हीवर उपचार करणाऱ्या केंद्रांत, औषध मोफत मिळू लागलं आणि मरण लांबलं. लपवाछपवी मात्र तशीच राहिली. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून माणसं दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रात नाव नोंदवतात, डबीवरचं लेबल खरवडून टाकतात. घरी पाहुणे आले की गोळी राहते. डोस वारंवार चुकले की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. उलट गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. म्हणजे लोकांच्या भीतीपोटी चुकलेली गोळी त्याच लोकांमधली लागण वाढवू शकते. शिवाय कुणाशी बोलता न आल्याने येणारं नैराश्य आणि उडालेली झोप आहेच. त्यांची नोंद केंद्राच्या वहीत क्वचितच होते.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ मध्ये लागू झाला. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर यांत भेदभाव करायला त्याने बंदी घातली. संमतीशिवाय चाचणी करायची नाही, निकाल फोडायचा नाही, असंही त्यात आहे. त्या मजुराला मिळालेली टोपणनावाने दाद मागण्याची मुभाही आता कायद्यातच आहे.